वलांडीवरची झोळी

मंडळी, बसून घ्या. मागे उन्हात उभ्या आहात त्या बायांनो, इकडे सावलीत या.

शोकसभेत बोलायला उठलोय. गोविंद तांडेल आणि मी एका होडीवर जन्म काढला. गेलेल्या माणसाबद्दल गोड बोलावं, अशी रीत आहे. पण नवापूरकरांनो, आज मला गोड बोलवत नाही. मला राग आलाय.

तो फाटकावरचा फ्लेक्स बघा. गोविंदचा एवढा मोठा फोटो, आणि खाली शोकाकुल म्हणून दहा-बारा हसरी तोंडं! गोविंदच्या दारात प्लास्टिक? कुणाला सुचलं हे?

बाहेरगावच्या पाहुण्यांना ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. बोईसरला कारखान्यांच्या घाण पाण्यावर सरकारी सुनावणी होती. गोविंद उठला. म्हणाला, "साहेब, आमची मासली मरते. ह्या पानी कोनाचा हाय, तेवढा सांगा." साहेब म्हणाला, "आधी तुम्ही कोळी लोक समुद्रात प्लास्टिक फेकायचं थांबवा."

गोविंद खाली मान घालून बसला. का? कारण ते खरं होतं. जाळं ओढलं की मासळी आपली आणि पिशव्या परत पाण्यात. उद्या त्याच पिशव्या पुन्हा आपल्याच जाळ्यात. करतो की नाही आपण हा धंदा?

घरी येऊन त्याने जुन्या जाळ्याची झोळी शिवली. बोंबील सुकवायच्या वलांडीवर, भर अंगणात टांगली. घरातलं प्लास्टिक त्यात, होडीवरचंही त्यातच. महिना सरला की मासळीच्या काट्यावर तोलायची.

आपण हसलो. "काय तांडेल, कचरा सुकवताय? किलोला काय भाव?"

"तुज्या घरचा आन, मंग भाव काडू."

वहिनी तर रडकुंडीला आल्या. "पोरीला बगायला पावने येनार, नि दारात हा तोरन! लाज नाय वाटत?"

"लाज वाटते म्हनून तर टांगलाय."

पुढे झोळी हलकी होत गेली. तेल घरच्या डब्यात, मासळी सागाच्या पानात. बाजारात गिऱ्हाईक कुरकुरलं की वहिनीच सुनावायच्या, "पिशवी पायजे तर पिशवीच खा. पापलेट ठेव हितं."

मग दुसरी सुनावणी आली. गोविंद झोळी खांद्यावर टाकून गेला. साहेबासमोर धरली नि म्हणाला, "हा माजा, महिन्याभराचा. तुमचा कुटं टांगलाय?"

साहेबाने पाण्याच्या बाटलीला झाकण लावलं आणि पुढचं नाव पुकारलं.

आणि आपल्यातलेच शहाणे म्हणतात, एकट्याच्या झोळीने काय होणार, कारखान्यांना सांगा. अरे, त्यांना सांगता यावं म्हणूनच तर त्याने झोळी शिवली! आपलं माप आपण काढलं म्हणून कारखान्याला सूट मिळते का? आणि त्यांची घाण डोंगराएवढी म्हणून आपली घाण अत्तर होते का?

पुढची सुनावणी तोंडावर आली आहे. गोविंद नाही. झोळी आहे. ती मी नेईन. पण तिच्यात काय भरून नेऊ? आज इथे वाटलेल्या बाटल्या? हे थर्माकोलचे पेले? की हा फ्लेक्स? साहेब पुन्हा तेच बोलेल, आणि आपल्याला पुन्हा खाली मान घालून बसावं लागेल. गोविंदची सगळी मेहनत एका दुपारी पाण्यात!

वहिनी, झोळी बाहेर आणा. तिच्या जागी टांगा.

आता आपण थोडा वेळ शांत उभे राहू. मग तो फ्लेक्स उतरवा, हातातल्या बाटल्या आणा, सगळं झोळीत टाका. काट्याला लावू. सर्वांच्या डोळ्यांदेखत.

गोविंदा, आज तुझी झोळी फार जड भरेल रे. पुढच्या महिन्यात पुन्हा तोलू.

उठा, मंडळी. आता कुणी बोलू नका.