टपालघराच्या ओट्यावरची घुंगुरकाठी

ऐका. सरका जरा शेकोटीकडं. वेशीजवळचं आपलं जुनं टपालघर ठाऊक हाय न्हवं? काळ्या दगडाचं, कमानींच्या पडवीचं. आता कुलूप हाय त्याला. नागू वडाराच्या आज्यानं घडवलेला दगूड हाय त्यो, म्हणून नागूचा त्या घरावर लई जीव.

पूर्वी टपाल पायी यायचं. डाकवाला घुंगुरकाठी वाजवत पळत यायचा, ओट्यावर ती दुसऱ्याच्या हाती द्यायचा, मग ह्यो मोकळा आन् त्यो पळणार. काठी हाती आली की पळायचंच, असा रिवाज. एकदा एका डाकवाल्याचा बदली गडी आलाच न्हाई. वाट बघून बघून बिचारा त्याच ओट्यावर मेला.

तर नागू अंधार पडल्यावर सासुरवाडीला निघाला. पडवीत कोण उभं? त्याचा जिवाचा दोस्त महिपती. घामानं निथळतोय, हातात घुंगुरकाठी, पाय जागच्या जागी पळतायत.

"नाग्या, एवढी काठी धर. बिडी पेटवतो."

नागूनं धरली. दोस्तच की, इचारायचं काय त्यात? तर महिपती ओट्यावरनं खाली उडी टाकून पसार.

छुम. घुंगरं वाजली. नागूचे पाय आपसूक पळाया लागले. काठी टाकावी तर मूठ सुटंना. पडवीला फेरा, पुन्हा फेरा, कमानी काही संपंनात. आन् मागनं आवाज, पार मानेशी, "उशीर होतोय, गड्या. पळ." छाती फुटायची येळ आली.

"महिपती, ये रं," नागू वरडला. महिपती वेशीत उभा राहून बघत हुता, बरं का. आला न्हाई.

तवा नागूला आज्याचा झरोका आठवला. रात्री दार बंद असलं तर डाकवाल्यानं थैली, काठी तिथनं आत सारायची, म्हणून भिंतीतच कोरलेला. पळता पळता नागूनं काठी त्यात खुपसली. आतनं कुणीतरी ती ओढून घेतली. कुलपातल्या घरात, ऐका. मूठ सुटली आन् नागू तिथंच कोसळला.

सकाळी महिपती दारात हजर. "ओट्यावर पडलेली काठी उचलली आन् अडकलो रं. तू सुटशील, ठाऊक हुतं मला."

नागू म्हणाला, "भूत दिसलं आसतं तर म्या पळालो आसतो. तू हुतास म्हणून हात पुढं केला."

त्यावर कायमचा अबोला. पोरीच्या लग्नाचं आवतन बी दिलं न्हाई नागूनं.

ती काठी रात्री अजून ओट्यावर येती म्हणत्यात, तवा रात्रीचं त्या वाटंनं जाऊ नगा. गेलातच, आन् पडवीतनं ओळखीचं माणूस म्हणालं, जरा धर, तर हात पुढं करू नगा. महिपती म्हातारा झालाय, पर हाय अजून गावात.