मानेची हालचाल

(जालन्यातल्या एका खासगी दवाखान्यात विम्याच्या कामाचं टेबल. टेबलामागं फरहाना. समोर बदनापूरच्या सगुणाबाई आणि त्यांची चोवीस वर्षांची मुलगी तृप्ती.)

सगुणाबाई : नामंजूर म्हंजी? अवो बाई, परत एकदा वाचा ना. हिच्या बापाच्या पगारातून दर महिन्याला कापून घेतेत की पैसे.

फरहाना : मावशी, तीनदा वाचलं मी. लिहिलंय, भाजल्याचा व्रण जुना आहे, ऑपरेशन फक्त दिसण्यासाठी आहे. दिसण्यासाठीचा खर्चा विमा देत नाही.

सगुणाबाई : दिसन्यासाठी! माझी लेक काय नाटकात काम करती का?

तृप्ती : आई, हळू बोल. लोकं बघून राह्यलेत.

सगुणाबाई : बघू दे. सहा वर्षांची व्हती. आंघोळीच्या पान्याचं पातेलं मीच चुलीवरून उतरवून खाली ठेवलं, अन् दुसऱ्या मिन्टाला हिच्या अंगावर. उजव्या गालापासून खांद्यापर्यंत कातडी आखडून गेली. अन् हे म्हनतेत दिसन्यासाठी!

फरहाना : तेच तर. भाजल्यामुळं मान वळत नसेल तर तो इलाज झाला, त्याचे पैसे मिळतात. आमच्या डॉक्टरसाहेबांनी तसंच लिहून पाठवलं होतं. पण कंपनीचा माणूस तुमच्या घरी आल्ता ना तपासायला? त्यानं लिहिलंय, ‘मानेची हालचाल पूर्ण. सगळी कामं स्वतः करते. तक्रार नाही.’ असं कसं लिहिलं त्यानं?

तृप्ती : आम्हीच सांगितलं तसं.

फरहाना : काय बोलतेस!

तृप्ती : तो यायच्या आधी आईनं सतरंजी टाकली, पोहे केले. मला हिरवा ड्रेस घालायला लावला. वेणी उजव्या खांद्यावरून पुढं, वर ओढणी.

सगुणाबाई : परका मानूस घरी येनार. तशीच बसवू का मंग?

तृप्ती : त्यानं विचारलं, स्वयंपाक करता येतो का? म्हणलं, सगळा येतो. शिवणकाम? ब्लाऊज शिवते. काही त्रास? तर आईच बोलली, ‘कायबी न्हाई, पोरगी एकदम बराबर हाय.’

फरहाना : या अल्ला! मावशी, तो मुलगी बघायला नव्हता आला.

सगुणाबाई : तोंडातून निघून गेलं वो. सात ठिकानच्या पाव्हन्यांना हेच सांगितलं मी. दुसरं काही येतच न्हाई आता तोंडात.

फरहाना : आणि मान? वळवून दाखव म्हणला असेल ना?

तृप्ती : वळवली की. अशी.

फरहाना : अगं, वळली की चांगली!

तृप्ती : मान न्हाई वळली ताई, कमरेपासून मीच वळले. ओढणी असली की कळत न्हाई. नववीत होते तेव्हा आईनं आरशापुढं उभं करून शिकवलंय. फोटो काढू का म्हणला, तर आईनं नको म्हणलं.

सगुणाबाई : तुझ्या भल्यासाठीच केलं ना गं सगळं.

तृप्ती : मी कुठं न्हाई म्हणले.

फरहाना : ऐका. परत तपासा म्हणून अर्ज करता येतो. चार दिवस राहिलेत. ओढणी काढून फोटो लागतील. डॉक्टर मान किती वळते ते मोजून देतील. आणि मावशी, तुम्ही सही करून लिहून द्यायचं, की आधी सांगितलं ते खरं नव्हतं, पोरीची मान डावीकडं वळत नाही.

सगुणाबाई : सही? अवो, रविवारी तीर्थपुरीचे येऊन राह्यलेत हिला बघायला. त्यांचा पोरगा हिच्या बापाच्याच कारखान्यात हाय. कागद तिथूनच जानार ना?

फरहाना : जाणार तिथूनच. आणि मंजूर झालं तरी मानेचंच मिळेल, गालाचं नाही. गाल म्हणजे दिसणंच.

सगुणाबाई : मंग काय उपेग? लोकं तर गालच बघतेत.

तृप्ती : मला रस्ता बघायचाय, आई. मागच्या आठवड्यात डावीकडून मोटारसायकल आली, दिसलीच न्हाई. कोपर सोलून निघालं.

सगुणाबाई : तू तर म्हनली, पायरीवरून पडले!

तृप्ती : खरं न सांगायची सवय लागलीय.

फरहाना : तृप्ती, ओढणी काढ. पाठ खुर्चीला टेकव. खांदा हलवायचा नाही बिलकुल. आता फक्त मान फिरव, मावशीकडं.

तृप्ती : झाली. इथंच अडकते.

फरहाना : काय दिसतंय?

तृप्ती : तुमच्या फायली. पंख्याचं बटन. आई न्हाई दिसत.

सगुणाबाई : मी तर इथंच हाय गं, तुझ्या डाव्या अंगाला.

तृप्ती : पाव्हने आले की तू कायम तिथंच बसतीस. तिकडून कुणी काही विचारलं तर मला वळायला नको म्हणून तूच बोलतीस. सात वेळा बसलीस आई. एकदाबी तुझं तोंड दिसलं न्हाई मला. वाटायचं, तुला लाज वाटून राह्यली असंल माझी.

सगुणाबाई : लाज न्हाई गं बाई. ते पातेलं मी ठेवल्तं.

फरहाना : मावशी…

सगुणाबाई : द्या तो कागद. रविवारचं रविवारी बघू. वळत न्हाई म्हनून लिवा. तिला आई दिसत न्हाई, असंच लिवा. सही कुठं करू?

फरहाना : इथं खाली. पुसा आधी डोळे, कागदावर पडून राह्यलंय.

तृप्ती : ताई, आई रडून राह्यली का?