बॉनेटवरचा नारळ

मंडळी, ऐका! एक थेंब. रुपयाच्या नाण्याएवढा. सिमेंटच्या कोब्यावर पडलेला. मधे काळा, कडेला तपकिरी. शेजारी दुसरा, जरा लहान, अजून ओला. आणि या दोन थेंबांच्या बरोबर वर उभी एक काळीभोर, लांबलचक, परदेशी बनावटीची मोटार! झेंडूचा हार घातलेली!

थेंब पाहिले एकीनेच. पाहिले, आणि गप्प राहिली. तर आजचा प्रश्न हा: डोळ्यांना खोट दिसली, पण चारचौघांत वाईटपणा नको म्हणून तोंड मिटून घेतलं, तर त्याला सभ्यपणा म्हणायचं का खोटेपणातली भागीदारी? नुसत्या माना डोलावू नका! उत्तर तुम्हालाच द्यायचंय!

तर कराडला राहतात शरयूताई कानडे. कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढलेल्या. कुठल्या काट्याचं वजन किती गुंजा चुकतं, हे तोंडपाठ! पण घरात? घरात एकतीस वर्षं एकच वाक्य: 'तुम्हाला पटतंय ना, मग झालं.' भिंतींना रंग कुठला? तुम्हाला पटतंय ना. दिवाळीला जायचं कुठे? तुम्हाला पटतंय ना! नकार मनातल्या मनात! पुढच्या रांगेतल्या बायका का हसतायत, ते कळतंय हो मला!

ताई निवृत्त झाल्या. फंड हातात आला. त्यांच्या मनात होतं, माडीवर छोटी प्रयोगशाळा काढावी. गावातल्या मुलींना स्वतःच्या हातांनी प्रयोग करू द्यावेत. आणि यजमानांच्या, अनंतरावांच्या मनात? मोटार! नवी झेपत नाही, म्हणून तेरा वर्षांची जुनी. "अगं, एके काळी साठ लाखांना होती! आता आठ लाखांत!" अहो अनंतराव, किंमत उतरली गाडीची. तिच्या सुट्या भागांची कोणी उतरवली? बिघडली की दुरुस्तीला ती साठ लाखांचीच! हा हिशोब ताईंनी मनात केला. बोलल्या? नाही! ताईंचा फंड, अनंतरावांची हौस, आणि चेकवर सही तेवढी ताईंची!

ठरल्या दिवशी सगळे विक्रेत्याच्या शेडमध्ये हजर. विक्रेते म्हणजे बापूसाहेब ढेरे. गळ्यात माळ, कपाळाला अष्टगंध, तोंडात साखर. बॉनेटवर वस्त्र घातलेलं, त्यावर तांदूळ, तांदळांवर नारळ. चाकाखाली लिंबू. अकरा चाळीसचा मुहूर्त. ऐंशी वर्षांच्या सासूबाई, आक्का, मागच्या सीटवर आधीच विराजमान! उद्या याच गाडीतून घाट उतरून कोकणात कुलदेवीला जायचं.

"या वहिनी! कुंकू तुमच्याच हातचं लागायला हवं!"

ताई वाकल्या. तेव्हाच खालचे ते तेलाचे थेंब दिसले. कुंकू लावताना तळवा बॉनेटवर टेकला आणि ताई थबकल्या. पत्रा गरम!

"बापूसाहेब, सकाळी फिरवून आणली का?"

"छे हो! कालपासून जागची हलली नाही. तुमच्यासाठी झाकून ठेवली होती!"

ऊन असेल, म्हणाल तुम्ही. शेडमध्ये ऊन? ताईंनी शेजारच्या गाडीला हात लावला. गार! एकाच छपराखाली दोन गाड्या, एक गार, एक गरम. का तापवली असेल, सांगा! कारण गार इंजिन सुरू होताना खरं बोलतं, मंडळी! निळा धूर, आतल्या साखळीचा खडखडाट, जे काय असेल ते पहिल्या मिनिटात बाहेर! म्हणून गिऱ्हाईक यायच्या आधीच त्याला तापवून शांत करायचं. पाहुणे यायच्या आधी घरातली भांडणं उरकून घेतात ना, तसं!

"जरा बॉनेट उघडून दाखवता?" ताईंनी हळूच विचारलं.

"वहिनी!" बापूसाहेबांनी कानांना हात लावले. "देव मांडलाय त्यावर! मुहूर्ताआधी नारळ हलवायचा? अपशकुन!"

"अगं, काय हे," अनंतराव कुजबुजले. "चार लोक बघतायत. पेढे वाटून झालेत."

संताप येतो, मंडळी! देवाचं कुलूप केलं! यंत्राचा आजार झाकायला देव बसवला! आणि त्याहून संताप येतो आपला! कारण बापूसाहेबांना पक्कं ठाऊक आहे, या नारळाला हात लावायची आपल्यात कोणाची छाती नाही! बाजारात वांगं घेताना देठ बघतो, नख लावतो, दाबून बघतो! आणि आठ लाखांच्या यंत्रापुढे हात जोडून उभे!

तेवढ्यात मागून हाक आली. "सूनबाई, इथं माझे पाय ओले झाले गं!"

ताईंनी आत हात घातला. पायाखालचा गालिचा चिंब! छतात सरकती काच आहे ना, तिचं पाणी वाहून न्यायच्या नळ्या तुंबल्या की पाणी आत उतरतं आणि खालच्या वायरींत मुरतं.

"पूजेचं तीर्थ शिंपडलंय, आक्का!" बापूसाहेब म्हणाले.

"मेल्या, तीर्थ पळीने देतात! बादलीने नाही!"

आमचे तबलजीबुवा फारच हसतायत. मागच्या वर्षी तुम्हीच घेतलीत वाटतं, तीर्थाची गाडी?

बापूसाहेबांनी घाईने आत बसून चावी फिरवली. ताई खिडकीतून बघत होत्या. चावी फिरवली की समोरचे इशाऱ्याचे सगळे दिवे क्षणभर लागतात, मग विझतात. तशी रीतच आहे त्यांची. लागले. ब्रेकचा लागला, बॅटरीचा लागला. इंजिनाचा? लागलाच नाही!

"बघा, एकही दिवा नाही!" बापूसाहेब हसले. "ठणठणीत!"

ठणठणीत? अहो, आजार सांगणाऱ्याची जीभच कापली, आणि म्हणे घरात कोणी आजारी नाही!

मुहूर्त लागला. लिंबू चिरडायला बापूसाहेबांनी गिअर टाकला. धाड! गाडीच्या पोटात कुणी लाथ घातल्यासारखा हिसका! आक्का पुढच्या सीटवर आदळल्या. नारळ डगमगला आणि घरंगळत निघाला. सरळ पुढे? नाही! डावीकडे! कारण गाडीचा डावा खांदा चांगला दोन बोटं खचलेला. अशा गाडीला चाकांच्या वर गादीसारखी चाल देणारे हवेचे फुगे असतात, त्यातला एक फुटका. नारळ जमिनीवर!

अनंतरावांचा चेहरा पांढरा. अपशकुन, अपशकुन, अशी कुजबुज.

शरयूताई पुढे झाल्या. "गाडी बंद करा, बापूसाहेब. देव आपणहून उतरले. आता उघडायला हरकत नाही."

बापूसाहेब हलेनात. ताईंनीच खिडकीतून हात घालून आतला खटका ओढला. वस्त्र घडी करून बाजूला ठेवलं. बॉनेट वर केलं. रुमाल धरून तेलाचं झाकण फिरवलं. झाकणाच्या आत पांढुरका, चिकट थर! नुसत्या वाफेनंही थोडा धरतो, म्हणून त्यांनी तेल मोजायची पट्टी ओढली. पट्टीवर तेल नव्हतंच. चहात जास्त दूध पडावं तसा रंग! इंजिन गार ठेवायचं पाणी तेलात शिरलेलं! असं इंजिन उद्या घाटात, म्हाताऱ्या माणसासकट!

"किरकोळ आहे हो," बापूसाहेब म्हणाले. "जुन्या गाडीत चालायचंच."

अनंतरावांनी चेकबुक पुढे केलं. एवढं दिसूनही केलं! "सही कर गं. आता मागे फिरलो तर तोंड दाखवायला जागा नाही. गाडी दुरुस्त करून घेऊ."

थांबा, मंडळी. इथेच थांबा. तुम्ही काय केलं असतं? खरं सांगा! मुलीच्या बैठकीत नवऱ्या मुलाच्या तोंडाला दारूचा वास आला, सुपारी फुटली होती, म्हणून गप्प बसलात ना? नव्या घराच्या भिंतीला तडा दिसला, वास्तुशांतीची पंगत बसली होती, म्हणून वाढत राहिलात ना? बापूसाहेब एकटे चोर नाहीत! आपल्या गप्प बसण्यावर त्यांचं दुकान चालतं!

शरयूताईंनी चेकबुक हातात घेतलं. उघडलं. अनंतरावांनी पेनाचं टोपण काढून पेन पुढे धरलं. सगळी शेड ताईंच्या उजव्या हाताकडे बघतेय. ताईंनी पुस्तक मिटून पर्समध्ये टाकलं, आक्कांना हात देऊन गाडीतून उतरवलं, आणि चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"मी सही करणार नाही. या पैशांतून माडीवर प्रयोगशाळा होणार आहे."