पाण्याचा रिपोर्ट

दवाखान्यात माझ्या शेजारी बहीण-भाऊ बसले होते. भावाच्या मांडीवर त्याची सात-आठ वर्षांची मुलगी होती. तिचे डोळे सुजले होते.

"ताई, समुद्राच्या पाण्याचा रिपोर्ट सोमवारी दे ना. सुट्टीचे तीन दिवस तेवढे निघून जाऊ देत."

"पाण्यात विषारी शेवाळ वाढलंय. तपासलंय मी, आता दाबून कसं ठेवू?"

"हॉटेलच्या सगळ्या खोल्या भरल्यात गं. किनारा बंद केला तर लोक माघारी जातील."

"जाऊ देत."

"तुझं काय जातंय? हात चोळत मी बसणार."

"बरं, हिला काय झालंय?"

"धूळ गेली असेल."

"दोन्ही डोळ्यांत?"

"आत्या, मी पाण्यात डोळे उघडले होते. सगळं हिरवं हिरवं दिसत होतं."

"तू गप्प बस गं जरा."

नर्स कागद घेऊन आली. "समुद्रात पोहायला गेली होती का ही?"

भावाने मुलीच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं.

"हो. काल सकाळी. दोन तास होती पाण्यात. लिहा तसं."

"बरं. नंबर आला की बोलावते."

"ताई, तुझा फोन दे. माझा गाडीत राहिलाय. मॅनेजरला सांगतो, पोरं आत्तासुद्धा पाण्यात असतील."