एका बिडीचा मुक्काम

सहलीला कुटं किती थांबायचं, ह्याच्यावरनं आमच्यात जीप निघायच्या आधीच भांडण. पोरगा-सून मुंबईवरनं आलेली, त्यांना लोणावळ्याचे सगळे पॉइंट बघायचे हुते.

सून म्हणाली, "आबा, धबधब्यावर निवांत बसू."

"डोंगरावरनं पाणी पडतंय, त्यात बसायचं काय? माझी एक बिडी संपली की गाडी हलली!"

पहिल्या पॉइंटवर सुनेचं कणीस भाजायच्या आत बिडी संपली. दुसऱ्यावर फोटोला उभी राहिली, तवर संपली. सून रडवेली झाली. "भिजंल," म्हणून आमच्या म्हातारीनं माझी काडेपेटी तेवढी कनवटीला लावली.

फुडं वाटेत माझ्याच वयाचा एक शेतकरी भात लावताना दिसला. काय ती लावणी! रोपं नुसती कोंबलेली. गाडी थांबवली आन् बांधावरनं वरडलो, "आरं, भात लावतोस का गवत?"

"तुज्या बापाचं शेत हाय का? लय कळतंय तर उतर खाली!"

उतरलो. गुडघाभर चिखलात आमची अशी जुंपली!

पोरगा जीपमधनं वरडला, "आबा, अजून किती वेळ?"

"अजून बिडी पेटवली न्हाई!"

म्हातारी खदखदून हसली. "पेटवाल कशी? काडेपेटी माझ्याकडं हाय. चल रं पोरा, धबधब्यावर!"

गेली की सगळी मला सोडून!

सांजच्याला न्यायला आली, चिंब भिजलेली, हसत. तवर मी त्या गड्याची भाकरी खाऊन, त्याला शिव्या घालत निम्मं शेत लावलं हुतं. सुनेनं काडेपेटी फुडं केली.

म्हणलं, "ठेव तुज्याकडंच. निम्मं राहिलंय अजून."