बाबांच्या ट्रेलरमध्ये विचारलेले प्रश्न

जमलेल्या वडीलधाऱ्यांनो, काका-काकूंनो, बाबांच्या ड्रायव्हर मित्रांनो,

कामं टाकून बाबांच्या शोकसभेला आलात. उरणहून, पार कामोठ्याहून आलात. मी बोलायला उभी राहिलेय. अडखळले तर सांभाळून घ्या.

तुमच्यासाठी ते जनूदादा. न्हावा शेव्याच्या बंदरात कंटेनरचा ट्रेलर चालवणारे. माझे बाबा.

मी तिसरीत असताना आई अचानक गेली. मी शाळेतून आले, तर मला शेजारच्या घरात नेऊन बसवलं. "आई मामाकडे गेलीय," सगळे म्हणाले. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. एवढ्याशा पोरीला कसं सांगायचं?

संध्याकाळी बाबा आले. मला मांडीवर घेतलं. म्हणाले, "बाय, तुजी आय मेली." आणि रडले. माझ्यासमोर रडले. मग हात धरून मला आईजवळ घेऊन गेले.

त्यानंतर मी बोलेनाशी झाले. जेवेनाशी झाले. बाबांना समोरासमोर बसून बोलता यायचं नाही. मला तरी कुठे यायचं? मग रविवारी ते मला ट्रेलरमध्ये शेजारी बसवून न्यायचे. बंदराच्या रस्त्यावर गाड्यांची रांग हलायची नाही. दोघांची नजर पुढच्या कंटेनरवर. तिथे बोलता यायचं.

तिथेच मी एकदा विचारलं, "बाबा, त्या सकाळी मी आईशी भांडले होते. म्हणून ती मेली का?"

ते लगेच 'नाही' म्हणाले नाहीत. त्यांनी विचारलं, "कशावरून भांडलीस?"

"वेणीवरून. मी म्हटलं, तू मला नकोच."

"मला फोनवर सांगितलं व्हतं तिनं. हसत व्हती. पोरगी माज्यावरच गेलीय म्हनाली."

पुढची गाडी सरकली. त्यांनी गिअर टाकला. "भांडल्यानं मानूस मरत नाय, बाय. डोक्यातली नस फुटली तिच्या. तुज्यामुळं नाय."

त्या दिवशी मी घरी येऊन पोटभर जेवले.

हा प्रश्न मी एकदाच विचारला का? नाही. पुन्हा पुन्हा विचारला. त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. आईला दुखलं का, विचारलं, तर म्हणाले, "मला नाय माहीत. डॉक्टरला विचारू." आणि खरंच विचारायला घेऊन गेले. तरीही मला झोप लागेना, तेव्हा खारघरच्या समुपदेशक बाईंकडे नेलं. मी आत बोलायचे, ते बाहेर बाकावर बसून राहायचे. पोरीला वेड लागलंय का, असं कोणी विचारलं, तर म्हणायचे, "नाय. दुःख झालंय."

स्वतःचा आजारही त्यांनी लपवला नाही. "आता बरा व्हनार नाय," स्वतःच म्हणाले. त्यामुळे आम्हाला सगळं बोलता आलं. हसता आलं. सांगायचं राहिलं, असं काहीच नाही. रडू येतंय, पण मनाला समाधान आहे.

ही पुढे बसलीय ती माझी मुलगी, इरा. चार वर्षांची. आजोबा वारले, हे मी तिला त्याच दिवशी सांगितलं. तिने विचारलं, "त्यांना आता भूक लागते?" म्हटलं, नाही लागत. "मग त्यांचा लाडू मी खाऊ?" म्हटलं, खा.

आता बाबांसाठी आपण सगळे उभे राहू या. थोडा वेळ शांत राहू या. इरा मध्येच काही विचारेल. तिला कोणी गप्प करू नका.