पाणी नितळ होईपर्यंत

अण्णा, आणि इंदिरानगरच्या या हॉलमध्ये जमलेल्या सगळ्यांनो, माझ्याच्यानं फार बोलणं होणार नाही. सोमवारी अक्का गेल्या, तेव्हापासून धड झोप नाही. थकलोय मी. आपण सगळेच थकलोय.

अण्णा, तुमच्या पत्नी सुमित्राअक्का म्हणजे आमच्या लॅबच्या प्रमुख. माहेर निपाणीचं. मी नागपूरहून आलो, तेव्हा पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “मॅडम नको रे बाबा. अक्का म्हण.”

काय करत होतो आम्ही? नवजात बाळाच्या रक्ताच्या एका थेंबातून जंतुसंसर्ग लवकर ओळखायचा. रक्तात आजाराचं प्रथिन असतं. ते आपणहून येऊन टेस्टला चिकटेल म्हणून वाट बघत बसलं, तर तास जातात. तेवढ्यात बाळ हातचं जातं. म्हणून अक्कांनी चुंबकाकडे ओढले जाणारे कण घेतले. इतके बारीक, की आपल्याला नुसतं तपकिरी पाणी दिसावं. चुंबक हलवला की ते सगळ्या थेंबात फिरतात आणि ते प्रथिन पकडून आणतात. पहिला चुंबक अक्कांनी चिकपेटच्या बाजारातून घासाघीस करून आणला होता!

फिरवून झालं की चुंबक नळीला लावून धरायचा. कण कडेला गोळा होतात, पाणी नितळ होतं. मग ते ओतून टाकायचं, कण चुंबकापाशीच राहतात. आणि आपण? आपण आधीच ओतणार. पकडलेलं सगळं सिंकमध्ये! अक्का कपाळाला हात लावायच्या. “अरे, वेळ वाचवायचा तो बाळाचा, तुझा नव्हे. स्वल्प थांब की!”

शेवटी नियमच केला त्यांनी. पाणी नितळ होईपर्यंत कोणी बोलायचं नाही.

टेस्ट अजून पुरी झालेली नाही. कालपासून आपल्या लॅबवाल्यांत कुजबुज चाललीय, अक्काच नाहीत, आता कशाला? खरं सांगू? आज बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमध्ये बसून मीही ठरवलं होतं, सोडतो. पण घाईत ओतून टाकायची आपली खोड जुनीच, नाही का?

अक्का, तुमची फार आठवण येते हो.

अण्णा, ही नळी त्यांच्या टेबलावरची आहे. हलवली, बघा, तपकिरी झाली. आता चुंबक लावतो. नंतर मी इथून लॅबलाच जाणार आहे. ज्याला यायचंय त्यानं माझ्याबरोबर यावं.

उभे राहू या. घड्याळ बघू नका. पाणी नितळ होईपर्यंत कोणी बोलायचं नाही.